उणे अकरा

“नवरा गेला तेव्हा मी हातातली काकणं उतरवली होती,” मनगट पुढे करून कालिंदीअक्का म्हणाल्या. “आता म्हातारपणी या योजनावाल्यांनी पुन्हा एक चढवलं. आणि तेच माझ्यावर उठलंय.”

किनाऱ्यावरच्या स्मृतिकेंद्रातून आलेली डॉक्टर ओवी साळसकर मांडीवरच्या टॅबकडे बघत राहिली. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, भर उन्हातून लांज्यापर्यंत आलेली. अक्कांचे धाकटे भाऊ मुकुंदराव शेट्ये समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. घर त्यांचं, खुर्चीही त्यांचीच. पण बाहेरचं माणूस आलं की ते आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसत.

“आजी, खरं सांगा. चोरून मीठ खाता?”

“नाही.”

“थोडंसंही?”

“माझ्या तोंडाचं खरं नाही, मनगटाचं खरं! मग मनगटालाच विचार की. मला कशाला विचारतेस?”

‘विचारतेस’ हा शब्द जिभेवर घसरला. एकतीस वर्षं शाळेत मराठीचं व्याकरण शिकवलेल्या बाईची जीभ आता दारू प्यायलेल्या माणसासारखी अडखळत होती. मग अक्का एकदम अंगणाकडे वळून हसल्या. “मुकू, भादूला आत घे रे. ऊन लागतंय त्याला.”

अंगणात कोणी नव्हतं. भादू कुत्रा दिवाळीनंतर मेला होता. मुकुंदरावांनीच त्याला आंब्याखाली पुरलं होतं.

ओवीने टॅब त्यांच्यापुढे धरला. “काका, जवळचे नातेवाईक म्हणून तुमचा अंगठा लागेल. उद्या दहाला गाडी येईल.”

मुकुंदरावांनी अंगठा टेकवला. टॅबने गोड आवाजात आभार मानले.

उद्या अक्कांच्या कानामागे कवटीत एक चकती बसवली जाणार होती. चकती माणसाला शांत करते. भास थांबतात, ओरडणं थांबतं, रात्रीचं हिंडणं थांबतं. मात्र मेंदूच्या पेशी तिच्या तारांभोवती इतक्या घट्ट वाढतात, की एकदा बसवलेली चकती पुन्हा काढता येत नाही. आणि त्या माणसाशी भांडायची सोयही उरत नाही, कारण भांडायला लागतं ते सगळं चकती घेऊन जाते.

*

काकण संक्रांतीनंतर आलं होतं. पासष्टीच्या पुढच्या आणि रक्तदाब असलेल्या प्रत्येकाला ते मिळे. त्वचेखाली केसाएवढी सुई आणि तिच्या टोकाला चार सूक्ष्म पडदे: सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि क्लोराइड. एरवी यासाठी दंडातून रक्त काढायचं, नळीत भरायचं आणि दुसऱ्या दिवशी कागद आणायचा. आता दर दहा मिनिटांनी आकडा येत होता.

क्लोराइड म्हणजे मिठाचा दुसरा अर्धा. मिठातल्या सोडियमबद्दल सगळे बोलतात, त्याच्या जोडीदाराची कोणी चौकशी करत नाही. पण शरीरातलं पाणी कुठे किती राहावं आणि रक्त किती आंबट व्हावं, यावर तो डोळा ठेवून असतो. लिटरला साधारण अठ्ठ्याण्णव ते एकशे सहा ही त्याची चाकोरी. ओकाऱ्या झाल्या की तो उतरतो. अंगातलं पाणी आटलं, खूप जुलाब झाले, मूत्रपिंड रुसलं, की चढतो. नुसता एक आकडा कधीच काही सांगत नाही. शेजारचे आकडे काय म्हणतात ते पाहावं लागतं.

हे मुकुंदरावांना ठाऊक होतं. तालुक्याच्या एका छोट्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं हेच काम केलं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ते मोठ्याने म्हणणं वेगळं. लहानपणापासून अक्का त्यांना चिडवत: “नाव मुकुंद, पण नुसता मुका!”

तिसऱ्या आठवड्यात अक्कांना जुलाब झाले आणि त्यांचं क्लोराइड एकशे अकरा झालं. काकणाने सूचना दिली: ‘मिठाचं प्रमाण तपासा.’ मिठाची बरणी कुलपात गेली. सकाळी स्वयंपाकाचं यंत्र मोजून दोन ग्रॅम मीठ देई, तेवढंच. तरी आकडा एकशे अठरा, मग एकशे तेवीस. म्हणजे अक्का चोरून खातात, असं काकणाने ठरवलं. मुकुंदरावांनी त्यांचं कपाट उचकटलं, उशी चाचपली, लोणच्याची बरणी शेजारी नेऊन ठेवली. अक्का दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

“सापडलं?” त्यांनी विचारलं होतं.

“नाही.”

“नीट शोध. अंबाड्यात बघ.”

त्या दिवसानंतर त्या त्यांच्याशी फारशा बोलल्या नाहीत. मग बोलल्या त्या भादूशी. चालताना तोल जाऊ लागला. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गालांवर पुटकुळ्या उठल्या. “या वयात मुरुमं! आता स्थळंही येतील,” असं त्या आरशाला म्हणाल्या. जेवणात सारखी तक्रार: मिठाला चव नाही, कडू लागतं. जिभेची चव जाणं हेही स्मृतिकेंद्राने पाठवलेल्या स्मृतिभ्रंशाच्या लक्षणांच्या यादीत होतं. मुकुंदरावांनी तिथेही खूण केली होती.

*

ओवी गेली. वाचनालयात जायची वेळ झाली होती. रोज सहा ते आठ ते तिथे बसत. आज मात्र पाय निघेना. उद्यापासून ही बाई अशी राहणार नव्हती. ते टेबलाशी बसले आणि जुन्या सवयीने काकणाचे आजचे आकडे वहीत उतरवू लागले. पडद्यावर दिसलेला आकडा हाताने लिहिल्याशिवाय त्यांना तो खरा वाटत नसे.

सोडियम १४०. पोटॅशियम ४.४. बायकार्बोनेट २४. क्लोराइड १२७.

त्याखाली काकण एक ओळ दाखवी: ‘फरक’. पुढे नुसती आडवी रेघ होती. मुकुंदरावांनी पानं मागे उलटली. गेले तेवीस दिवस तिथे रेघच होती. तीही त्यांनी इमानेइतबारे उतरवून घेतली होती.

फरक म्हणजे साधी वजाबाकी. रक्तात धन भाराचे क्षार आणि ऋण भाराचे क्षार सारखेच असले पाहिजेत, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. एका पारड्यात मुख्य सोडियम. दुसऱ्यात क्लोराइड, बायकार्बोनेट आणि मोजले न जाणारे काही किरकोळ. म्हणून सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केलं, की आठ-दहा उरतात. ते त्या किरकोळांचे. पूर्वी प्रत्येक कागदावर ते ही वजाबाकी पेन्सिलीने करत.

एकशे सत्तावीस आणि चोवीस, एकशे एकावन्न. एकशे चाळीसमधून एकशे एकावन्न गेले.

उणे अकरा.

आपलं काहीतरी चुकलं. हे त्यांना लगेच पटलं. आपलं चुकलं हे त्यांना नेहमीच लगेच पटे. पुन्हा केली. मग पाढे म्हणणाऱ्या पोरासारखी बोटांवर केली. उणे अकरा. एक पारडं हवेत गेलं होतं. जे मोजलं ते असूच शकतं त्यापेक्षा जास्त भरत होतं. म्हणजे काकणाला आकडा मिळाला होता. तो अशक्य आहे हे कळलंही होतं. अशक्य आकडा दाखवला तर लोक घाबरतील, म्हणून त्याने तिथे रेघ मारली. आणि ज्या क्लोराइडमुळे तो आकडा अशक्य झाला, ते मात्र खरं धरून बाईला खोटं ठरवलं.

वीस वर्षांपूर्वी असाच एक कागद घेऊन ते मोठ्या डॉक्टरांकडे गेले होते. डॉक्टर म्हणाले होते, “शेट्ये, पहिली-दुसरीची वजाबाकीही येत नाही का तुम्हाला?” सगळे हसले. त्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे विचारायचं धाडस मुकुंदरावांना झालं नाही. रात्री घरी येऊन त्यांनी फक्त पुस्तक चाळलं होतं. त्यातली ओळ अजून डोळ्यांपुढे होती: फरक उणे आला, तर यंत्र तपासावं, यंत्र ठीक असेल, तर ब्रोमाइडची विषबाधा आठवावी.

क्लोराइड ओळखणारा पडदा भोळा असतो. ब्रोमाइड क्लोराइडचा सख्खा भाऊ, अंगलटीने तसाच. पडद्यासमोर आला की पडदा त्यालाही क्लोराइडच म्हणतो, आणि वर एकाचे दीड-दोन मोजतो. पण ब्रोमाइड मेंदूला गुंगवतं. जीभ जड होते, तोल जातो, भास होतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. जुन्या काळी झोपेच्या मिश्रणात घालत. आता कोण घेतं? आणि अक्कांना कुठून मिळणार?

ओट्याशेजारच्या खिडकीत अंधारून आलं होतं. अक्कांनी देवापाशी दिवा लावला, भिंतीला धरत धरत त्या ओट्याशी गेल्या. रोज या वेळी त्या स्वतःपुरतं पिठलं करत. मुकुंदराव रात्री नुसतं दूध घेत.

“बये,” अक्का यंत्राला म्हणाल्या, “अर्धा चमचा पांढरं घाल.”

“पांढरं,” यंत्र म्हणालं. “अडीच ग्रॅम.”

वर लावलेल्या आठ डब्यांपैकी सातव्याचं झाकण सरकलं. पिठल्यात पांढरी पूड पडली.

मुकुंदरावांच्या हातातली पेन्सिल खाली गेली आणि घरंगळत ओट्याखाली शिरली. मिठाचा डबा दुसरा होता.

“अक्का, काय मागितलंस तू?”

“पांढरं.”

“पांढरं म्हणजे?”

अक्कांनी कपाळाला आठ्या घातल्या. क्षणभर जुन्या मास्तरीणबाई परत आल्या. “दिवे लागल्यावर त्याचं नाव घेत नाहीत, मुकू. लक्ष्मी जाते. देवगडला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी मुस्काटात दिली होती, तेव्हापासून नाही घेतलं. सकाळी घेते, संध्याकाळी नाही. बरणी होती तेव्हा हाताने घालत होते, नावाची गरजच नव्हती. तू कुलूप लावलंस, आता बयेला सांगावं लागतं.”

त्यांनी डाव पिठल्यात फिरवला आणि चव बघायला उचलला. मुकुंदरावांनी तो त्यांच्या हातातून हिसकावला. गरम पिठलं दोघांच्याही मनगटावर उडालं.

“भाजलं की रे मेल्या!”

“खाऊ नकोस!” ते ओरडले. या घरात ते कधी ओरडले नव्हते. अक्का भिंतीला टेकल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

सातवा डबा भादूचा होता.

भादूला फिट्स येत. गुरांच्या डॉक्टरांनी पोटॅशियम ब्रोमाइड दिलं होतं. कुत्र्यांना ते अजून देतात. मात्रा चुकू नये म्हणून मुकुंदरावांनी ते यंत्राच्या डब्यात भरलं, पाव किलो. यंत्राने विचारलं होतं, “या पदार्थाचं नाव सांगा.” ते पुटपुटले होते, “पोटॅशियम ब्रोमाइड.” यंत्राला कळलं नाही. पुन्हा सांगितलं. “क्षमा करा, मोठ्याने सांगा.” बाहेर अंगणात शेजारीण उभी होती. एका डब्याशी मोठ्याने बोलायची त्यांना लाज वाटली. समोर दिसलं ते म्हणून मोकळे झाले: “पांढरं.”

भादू गेला. डबा तसाच राहिला. यंत्राच्या दप्तरी ते नुसतं ‘पांढरं’ होतं, मीठ नव्हे, म्हणून ते अक्कांच्या मिठात धरलंच जात नव्हतं.

पन्नास दिवस, रोज अडीच ग्रॅम. कुलूप त्यांनी लावलं होतं. डब्याला नाव त्यांनी दिलं होतं. दुपारी अंगठाही त्यांचाच टेकला होता. ते खालीच बसले, फरशीवर.

“तुला भोवळ आली का रे?” अक्कांनी विचारलं.

*

तरी त्यांची खात्री होईना. डब्यात मागून कुणी मीठ भरलं असेल तर? आपण पुन्हा हसू करून घेऊ. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक काळपट बाटली होती, सिल्व्हर नायट्रेटची. नोकरीत रोज सकाळी ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये तिचा एक थेंब टाकून पाहत. पाणी दुधाळ झालं, तर त्यात नळाचं पाणी मिसळलंय असं समजायचं. निवृत्तीच्या दिवशी बाकीच्यांनी घड्याळ दिलं, ही बाटली त्यांनी स्वतःच मागून घेतली होती.

इन्व्हर्टरचं डिस्टिल्ड वॉटर त्यांनी दोन काचेच्या वाट्यांत ओतलं. एकीत कुलपातल्या मिठाची चिमूट, दुसरीत सातव्या डब्यातली. दोन्हींत दोन-दोन थेंब.

पहिल्या वाटीत दह्याच्या कवड्यांसारखा शुभ्र साका धरला. दुसऱ्या वाटीतही साका धरला, पण त्याचा रंग सायीवर आला होता, फिकट पिवळसर. दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या तर आंधळ्यालाही फरक कळावा.

पांढरं पांढरं नव्हतं.

फोनवर बोलायची त्यांना भीती वाटे. म्हणून आधी वहीत वाक्यं लिहून घेतली, मग ओवीला फोन लावला.

“काका? मी गाडी चालवतेय. उद्या सकाळी बोलू या का?”

“नाही,” मुकुंदराव म्हणाले. हे वहीत नव्हतं. “आत्ता. गाडी बाजूला घे, बाळ.”

त्यांनी वाचून दाखवलं. ओवीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग समजूत घालावी तशी म्हणाली, “काका, उद्या त्या जाणार म्हणून तुम्हाला वाईट वाटतंय. होतं असं. पण सत्तर दिवसांची नोंद आहे. योजनेच्या मंडळापुढे काकणाची नोंद अंतिम असते.”

“तू वजाबाकी कर.”

“काय?”

“तुझ्यासमोर आकडे आहेत. एकशे चाळीसमधून एकशे सत्तावीस आणि चोवीस वजा कर. तोंडी कर. यंत्राला विचारू नकोस.”

पलीकडे एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

“उणे अकरा,” ओवी म्हणाली. मग, “पण असं होऊच शकत नाही.”

“नाहीच होऊ शकत. म्हणून तिथे रेघ आहे.”

“ती रेघ... आम्हाला शिकवलंय, रेघ म्हणजे ‘लागू नाही’.” तिचा आवाज बदलला होता. “मी कधी केलीच नाही ही वजाबाकी. कोणीच करत नाही. काका, डबा बंद ठेवा. त्यांना मीठ द्या.”

“मीठ?”

“तुम्हीच सांगितलंत ना, सख्खे भाऊ म्हणून? मूत्रपिंड दोघांना एकाच दारातून बाहेर काढतं. मीठ बंद केलं की ब्रोमाइड आतच अडकून बसतं. आता मीठ आणि पाणी द्यायचं, तेच त्याला हुसकेल. पेजेत घालून द्या. मी सलाइन घेऊन येतेच. चकतीची गाडी रद्द करते.”

मुकुंदरावांनी मिठाची बरणी जवळ ओढली. ज्या औषधाने अक्का बऱ्या झाल्या असत्या, तेच त्यांनी कुलपात ठेवलं होतं.

“काका, थांबा.” ओवी हळू आवाजात आकडे पुटपुटत होती. “मी बाकीच्यांची करून बघतेय. जिथे जिथे रेघ आहे त्यांची.” बराच वेळ नुसता पुटपुटाट. मग तोही थांबला.

“ओवी?”

“गुहागरचे एक गृहस्थ आहेत. उणे सात.”

“मग त्यांनाही लगेच—”

“त्यांना चकती बसवून महिना झाला,” ती म्हणाली.

दोघांपैकी कोणीच फोन ठेवला नाही. शेवटी मुकुंदरावांनीच विचारलं, “अजून किती रेघा आहेत?”

“मोजतेय,” ओवी म्हणाली. ती रडत होती.

*

सलाइन सुरू केलं तशी काकणाने बोंब ठोकली: मीठ, मीठ, मीठ! ओवीने कात्रीने ते कापून काढलं. “दुसऱ्यांदा विधवा झाले,” अक्का ग्लानीतच म्हणाल्या.

अकराव्या दिवशी दुपारी त्या दवाखान्याच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. गालावरच्या पुटकुळ्या सुकल्या होत्या. भादू दोन दिवसांपूर्वी निघून गेला होता; “गेला रे तो,” असं म्हणून त्या त्याच्यासाठी पहिल्यांदा रडल्या होत्या. दंडातून काढलेल्या रक्ताचा कागद मुकुंदरावांच्या खिशात होता. क्लोराइड एकशे दोन. खाली पेन्सिलीने केलेली वजाबाकी: अधिक नऊ.

सगळं त्यांनी अक्कांना सांगितलं होतं. डबा, नाव, कुलूप, अंगठा. काही वगळलं नव्हतं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याला आता एक दिवस होऊन गेला होता.

पेज आली. अक्कांनी एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

“अळणी आहे.”

मुकुंदरावांनी पिशवीतून बरणी काढली. चमचा आणायचा राहून गेला होता. त्यांनी चिमूटभर मीठ काढलं आणि हात पुढे केला. अक्कांनी तळवा पसरला, मग मध्येच थांबवला.

“हातात मीठ देतोस? कळत नाही का? भांडण होतं.”

“ठाऊक आहे,” मुकुंदराव म्हणाले.

त्यांनी हात मागे घेतला नाही. अक्कांनी त्या चिमटीकडे पाहिलं. मग त्यांनी तळवा पुढे केला, मीठ घेतलं, पेजेत टाकलं, बोटाने ढवळलं आणि वाटी रिकामी करून खाली ठेवली.

“कपाट उचकटलंस माझं,” त्या म्हणाल्या. एकेक अक्षर स्वच्छ आणि धारदार. “बहिणीवर नाही, मनगटावर विश्वास ठेवलास. बस खाली. आज मी तुझं सगळं उणंदुणं काढणार आहे, आणि पहिल्यापासून काढणार आहे.”

मुकुंदरावांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि तिच्यावर पाठ टेकून, पुरते बसले.